शिळेवर आकडा, पदकावर नाव

सातारा-रत्नागिरीकडच्या काही जुन्या गावांत चावडीच्या भिंतीला, शाळेच्या पडवीत नाहीतर देवळाच्या आवारात एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. अक्षरं इंग्रजी, मजकूर ठरावीक: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव बदललं की आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली होती, पण तह व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, म्हणून पाटीवर १९१९. हिशेब चोख आहे. फक्त गेलेल्यांपैकी एकाचंही नाव तिथे नाही.

सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर सगळा मुलूख ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण मारले गेले आणि इंग्रज सरकारने त्यांच्यासाठी गावात स्मारक उभारलं. पुढे दुसरं महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, चीन आणि पाकिस्तानशी लढाया झाल्या. गावातली भरती काही थांबली नाही. पेन्शनीत आलेल्या माणसाला तिथे आजही नावाआधी हुद्द्याने हाक मारतात. सुभेदार, हवालदार, मेजर. हुद्दा हीच त्याची गावातली ओळख.

४६ हा आकडा मात्र अस्वस्थ करणारा आहे. मेलेला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप होता. साम्राज्याच्या दप्तरात त्याचं नाव, नंबर, पलटण, गाव सगळं होतं, कारण पगार आणि मनीऑर्डर त्यावरच चालायची. दगडावर येताना तेवढं नाव गळलं. महाराष्ट्राने आपल्या लढवय्यांची आठवण कशी ठेवली हे पाहायचं तर नावाचाच माग काढावा लागतो: नाव कुणाला मिळालं, आकडा कुणाच्या वाट्याला आला आणि दोन्ही कुणाला नाकारलं गेलं.

या मातीतलं सर्वांत जुनं युद्धस्मारक म्हणजे वीरगळ. गावाच्या वेशीवर, पडक्या शिवमंदिराच्या बाहेर, बांधाच्या कडेला हे दगड उभे असतात. वाचायची रीत खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरं पळवणाऱ्यांशी झटापट, आणि आडवा पडलेला वीर. त्यावरच्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरला तर चक्क आरमारी लढाईचे वीरगळ आहेत: वल्ह्यांच्या रांगा, होड्यांवर चढणारे सैनिक, पाण्यात कोसळणारे देह. तेराव्या शतकात यादव आणि कोकणचे शिलाहार यांच्यात समुद्रावर जी झुंज झाली, तिच्याशी बरेच अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात वीराचं नाव, राजाचं नाव, तिथी कोरलेले दगड भरपूर मिळतात. आपल्याकडे शिल्प बोलतं, अक्षर गप्प असतं. पण ज्या काळी दगड उभा राहिला तेव्हा अक्षराची गरजही नसावी. तो कुणाचा हे गावाला ठाऊक होतं. पिढ्या सरल्या, नाव पुसलं गेलं आणि वीराचा देव झाला. लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नवं जोडपं पाया पडतं. कुणासाठी हे विसरलं, पाया पडणं तेवढं उरलं.

पंचांगानेही लढाईत पडलेल्यांची वेगळी सोय केलेली आहे, हे आता फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पितृपंधरवड्यात ज्याची त्याची तिथी असते. पण शस्त्राने ज्यांना मृत्यू आला त्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला. ज्याची मृत्युतिथीच कळली नाही त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री अमावास्या आहेच. परमुलखात पडलेल्या शिपायाची तार घरी पोचायला आठवडे, कधी महिने लागत. अशा घरांना शेवटी या दोन दिवसांचाच आधार होता. सरकारी स्मृतिदिन यायच्या कितीतरी आधीपासून ही सोय इथे होती, आणि तिला बँड-बिगूल काही लागत नव्हतं.

नावं कोरलेला मोठा दगड महाराष्ट्रात उभा राहिला तो भीमेच्या काठी, कोरेगावला. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे आठशेंची तुकडी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिली. २६ मार्च १८२१ रोजी तिथे स्तंभाचा पाया घातला गेला. स्तंभावरचा लेख इंग्रजीबरोबर मराठीतही आहे आणि पडलेल्या शिपायांची नावं त्यात आहेत. कंपनीच्या ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं; त्यावरून ते महार शिपाई असल्याचं ओळखता येतं. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच्या माणसांची नावं पक्क्या दगडावर, लोकांना वाचता येतील अशा अक्षरांत, १८२० च्या दशकात लिहिली गेली. कंपनीने हे स्वतःच्या विजयाच्या अभिमानापोटी केलं, यात शंका नाही. पण एकदा कोरलेलं नाव कोरणाऱ्याच्या हेतूपुरतं राहत नाही.

तेच पुढे घडलं. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धान्तापायी महारांची भरती सरकारने बंद केली. बापजाद्यांनी पलटणीत हाडं झिजवली आणि मुलांना भरतीच्या मैदानावरून परत पाठवायला सुरुवात झाली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर हवालदार. त्यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारदरबारी दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा पलटणीच्या छावणीत, महूला जन्मलेला. दगडावरची ती नावं त्यांना परक्याची नव्हती. त्यानंतर १ जानेवारीला तिथे जमणाऱ्यांची संख्या वाढतच गेली आणि आज तो लाखोंचा मेळा असतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीवरच्या तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.

म्हणजे १८२० च्या दशकात नावं कोरणाऱ्या राज्यकर्त्यांनी शंभर वर्षांनी गावोगाव नुसते आकडे कोरले. हे कसं झालं ते मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये दिसतं.

तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडने ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने थेट बगदादच्या तोंडाशी नेली, तेसिफोनला मार खाल्ला आणि माघार घेऊन कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात ती अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनेच सुटला. मधल्या पाच महिन्यांत पीठ संपत आलं, भाजी दिसेनाशी झाली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे सैनिक ते मांस खात होते. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. घरी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही धास्ती उपासमारीहून मोठी होती. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप मागवले गेले. तोवर अंगातली ताकद सरली होती. शरण आलेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यांच्यातले कितीतरी परत आले नाहीत.

या आघाडीवर पडलेल्यांपैकी ज्यांची कबर सापडली नाही, अशांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ साली त्याचं अनावरण झालं. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी असलेल्या या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली आहे. अमुक पलटण, आणि इतर इतके. मृत्यूनंतर सर्वांना एकसारखा मान, हे ही स्मारकं उभारणाऱ्या युद्धकबर आयोगाचं घोषित तत्त्व; ते इथे मोडलं गेलं. हे कबूल व्हायला २०२१ साल उजाडलं. त्या वर्षी आयोगाच्याच चौकशी अहवालाने मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या हजारो मृतांना वेगळी, कमी प्रतीची वागणूक मिळाली. ब्रिटिश संसदेत माफीही मागितली गेली. दिल्लीच्या इंडिया गेटवरही जी तेरा हजारांवर नावं आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. कुतच्या वेढ्यात मेलेल्या साताऱ्याच्या शिपायाचं नाव तिथेही नाही.

पलटण आपल्या माणसांना वेगळ्या तऱ्हेने आठवते. मेसोपोटेमियातली शेवटची मोठी लढाई मोसुलच्या वाटेवर शरकत इथे झाली, १९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस. तुर्कस्तानशी युद्धबंदी व्हायला दिवस-दोन दिवस उरले होते. ११४वी मराठा पलटण त्या रेताड टेकड्यांवरून चढत गेली आणि या एका झुंजीत तिने शौर्याची २८ पदकं मिळवली. याच पलटणीतून पुढे बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्र घडलं, आणि केंद्रातलं युद्धस्मारक शरकतच्या नावाने ओळखलं जातं. तिथे येणारा प्रत्येक रंगरूट इराकमधल्या या गावाचं नाव पहिल्याच दिवसांत ऐकतो. रेजिमेंटचा ‘मराठा दिन’ मात्र यांपैकी कुठल्याच लढाईचा नाही. तो असतो ४ फेब्रुवारीला, १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या दिवशी. तानाजींचं स्मरण पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तिथीने, माघ वद्य नवमीला होतं. पलटण तारीख पाळते, गाव तिथी पाळतं, आणि मावळ्यांच्या वंशातला सुटीवर आलेला जवान जमलं तर दोन्हीकडे हजेरी लावतो.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींचे दोन शिपाई इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले, आणि या वेळी मात्र नावं जगभर छापून आली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तेव्हा बावीस वर्षांचे होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुटली. घाडगे सोडून सगळे मेले किंवा घायाळ झाले. ते एकटेच धावले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने झोडपलं. दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. देह सापडला नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावच्या तहसील कचेरीजवळ पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. आपल्या स्वातंत्र्यासाठी कोकणातला कोण मुलगा येऊन मेला हे त्या गावाला माहीत आहे.

संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे मेले, जाधव तेवढे उभे राहिले. जखमींपैकी एकाला त्यांनी खोल पाण्यातून, मग उभ्या दरडीवरून, मग पेरलेल्या सुरुंगांमधून मागे नेलं. परत आले आणि दुसऱ्यालाही नेलं. दोन्ही खेपांना वरून तोफांचा आणि गोळ्यांचा मारा चालूच होता. तरीही ते तिसऱ्यांदा नदीत उतरले, या वेळी एकटे, मशीनगनच्या ठाण्यांवर. पहिलं ठाणं टॉमीगनने संपवलं. हाताला गोळी लागून चाप ओढता येईना, तेव्हा बंदूक फेकली आणि हातबॉम्बवर भागवलं. आणखी दोन ठाणी गेली. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून त्यांनी पलटणीची ललकारी दिली आणि पलीकडच्या कंपन्यांना हाताने बोलावून घेतलं. जाधव जगले, हवालदार होऊन पेन्शनीत आले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

पदकवाल्यांचं असं झालं. त्यांच्याबरोबर लढलेल्या साध्या शिपायांचं काय? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलेलं होतं. त्यातल्या बहुतेकांना थोडी रक्कम हाती देऊन घरी पाठवण्यात आलं. नोकरीची वर्षं पुरेशी भरली नव्हती, म्हणून पेन्शन नाही. वाळवंटात, ब्रह्मदेशाच्या जंगलात, इटलीच्या चिखलात लढून आलेली ही माणसं गावात शेती करत, मुंबईच्या गिरणीत राबत म्हातारी झाली. महाराष्ट्र सरकार अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन देतं, पण ते सुरू झालं तोवर कित्येक जण निघून गेले होते.

स्वतंत्र भारताचे स्मरणाचे दिवस वेगळे आहेत. ७ डिसेंबर हा सेना ध्वजदिन १९४९ पासून चालत आला आहे. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे चिमुकले झेंडे शर्टाला टाचून जो निधी जमतो, तो युद्धविधवा, जखमी जवान आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी जातो. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस, कारण १९५३ साली त्या तारखेला फील्डमार्शल करिअप्पा निवृत्त झाले. आपल्याकडे तो नेमका संक्रांतीच्या तिळगुळात हरवतो. १६ डिसेंबरचा विजय दिवस मात्र कराडने जिवंत ठेवला आहे: १९७१ च्या युद्धाच्या आठवणीसाठी तिथे लष्करी प्रात्यक्षिकं होतात, वीरपत्नी आणि वीरमातांचा सत्कार होतो, आणि पाहायला पंचक्रोशीतली शाळकरी पोरं लोटतात. त्यांच्यातलीच काही पुढे भरतीच्या रांगेत दिसतात. पुण्यात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, आणि तिथे १९४७ नंतर पडलेल्या प्रत्येक जवानासाठी ग्रॅनाइटची स्वतंत्र वीट आहे. वीट शिपायाची असो की कर्नलची, आकार एकच आणि नाव प्रत्येकावर.

राहिले १९४७ पूर्वीचे. त्यांची नावं हरवलेली नाहीत, पसरलेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर शिपायांना जी पदकं मिळाली, चांदीचं वॉर मेडल आणि काशाचं व्हिक्टरी मेडल, त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीच्या पदकावर समोरून राजाचा चेहरा दिसतो. पदक आडवं धरून उजेडात फिरवलं की शिपाई दिसतो. किती घरांत ही पदकं ट्रंकेच्या तळाशी आहेत. चांदीच्या भावाने कितीतरी सोनाराकडेही गेली. युद्धकबर आयोगाची यादी आता घरबसल्या शोधता येते. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं तिच्यात आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा आईबापांची, बायकोची आणि गावाची नावंही सापडतात. पंजाबातल्या तीन लाखांहून अधिक शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. अलीकडेच इंग्लंडमधल्या पंजाबी अभ्यासकांनी त्या संगणकावर आणायला घेतल्या, आणि लोक आपल्या पणजोबांचं नाव त्यात शोधू लागले.

सातारा-रत्नागिरीच्या गावांत हे काम व्हायला गावातलीच माणसं लागतील: शाळेतला एखादा इतिहासाचा शिक्षक, पेन्शनीत आलेला एखादा सुभेदार, इंग्रजी हिज्जे मराठी आडनावांशी जुळवू शकणारी एखादी कॉलेजातली मुलगी. पाटीवरचा आकडा त्यांना आधीच ठाऊक आहे, तेव्हा किती नावं शोधायची हेही ठरलेलं आहे. आणि जुन्या पाटीखाली नावांची नवी पाटी बसवायची तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडता येतो.